अत्याचारग्रस्त बालकांची तपासणी : आधी विश्वास, मग पुरावा

चेन्नई : शरीरावर जखम आढळली नाही, म्हणून बालकावर लैंगिक अत्याचार झालाच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. अनेक बालके घटनेनंतर कित्येक महिन्यांनी बोलतात आणि तोपर्यंत शारीरिक खुणा उरलेल्या नसतात. त्यामुळे बालकाचे म्हणणे विश्वासाने ऐकणे, हाच तपासणीचा गाभा मानला जातो.

मौनाआड दडलेली या प्रश्नाची व्याप्ती ‘तुळिर’ या चेन्नईतील संस्थेच्या २००६ मधील पाहणीतून समोर आली. शहरातील २,२११ शालेय विद्यार्थ्यांपैकी ४२ टक्के विद्यार्थ्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. मुलींमध्ये हे प्रमाण ३९ टक्के, तर मुलग्यांमध्ये ४८ टक्के होते. केवळ मुलीच बळी पडतात, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

बालकाने अत्याचाराविषयी सांगितल्यानंतर वैद्यकीय मदतीस विलंब होता कामा नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, तर आवश्यकता असल्यास आपत्कालीन गर्भनिरोधक १२० तासांच्या आत द्यावे लागते. तक्रार नोंदवली गेली नसली, तरी वैद्यकीय तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावी आणि तपासणीवेळी पालक किंवा बालकाच्या विश्वासातील व्यक्ती उपस्थित असावी, असे कायदा सांगतो. सरकारी व खासगी रुग्णालयांनी हे उपचार विनामूल्य करणे बंधनकारक आहे.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेतला जातो. त्यावेळी पोलीस अधिकारी गणवेशात नसावा. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून घेता येत नाही. न्यायालयात आरोपी बालकाच्या नजरेस पडणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.

२०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती बालक व पालकांच्या संमतीने साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती तपासापासून खटल्यापर्यंत कुटुंबाच्या सोबत असते. विशेष न्यायालय खटला सुरू असतानाही अंतरिम भरपाई मंजूर करू शकते.

घरच्यांनी मात्र तेच प्रश्न पुन:पुन्हा विचारू नयेत. ‘आधी का सांगितले नाहीस’ या प्रश्नातून बालकाला दोष आपलाच असल्याचे वाटते. गुन्ह्याची माहिती देणे कायद्याने बंधनकारक असल्याने ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक देशभर विनामूल्य उपलब्ध आहे.