शालेय कबड्डी : नवा हंगाम, बदललेले नियम आणि पंचांची तयारी

कबड्डीची एक चढाई तीस सेकंदांची असते. तेवढ्या अवधीत पंचाला चढाईपटूचा दम ऐकायचा असतो, त्याचा पाय निदान रेषेपलीकडे गेला की नाही हे पाहायचे असते, बोनस रेषेवर नजर ठेवायची असते, मैदानात बचावाला किती खेळाडू उरले आहेत याचे भान राखायचे असते आणि झटापट सुरू झालीच तर कोणाचा स्पर्श आधी झाला हे सांगायचे असते. एवढ्या घाईत पंच नियम आठवत बसत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप वर जातो. म्हणूनच नियम बदलला की खरी अडचण उभी राहते. नवा नियम पाठ करणे सोपे असते. जुना हाताच्या खुणेतून काढून टाकणे कठीण असते.

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलामुलींच्या स्पर्धा होतात. तालुका, जिल्हा अथवा महापालिका, विभाग आणि राज्य असा त्यांचा चढता क्रम असतो. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि शहर महापालिकेच्या स्पर्धा स्वतंत्र. आषाढीची वारी माळशिरस, पंढरपूर या तालुक्यांतून पुढे सरकेपर्यंत तिकडच्या गावांना दुसऱ्या कशाची उसंत नसते. त्यामुळे पंचांची उजळणी शिबिरे घ्यायची तर शाळा उघडल्यापासून पहिल्या तालुका स्पर्धेपर्यंतचे मोजके आठवडेच हाताशी राहतात. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात १५ जुलै हा दिवस कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. तो नेमका या तयारीच्या काळातच येतो, हा योगायोग सोयीचाच म्हणायचा.

या स्पर्धांना पंच म्हणून उभे राहणारे बहुतेक जण शारीरिक शिक्षणाचे शिक्षक किंवा जुने खेळाडू असतात. संघटनेची लेखी व प्रात्यक्षिक पंच परीक्षा दिलेले असे हे लोक शनिवारी शालेय सामना चालवतात, रविवारी एखाद्या मंडळाच्या खुल्या स्पर्धेत शिट्टी वाजवतात आणि रात्री घरी दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डी पाहतात. तिन्ही ठिकाणी खेळ एकच, पण नियमांचा तपशील तंतोतंत एकच असेल असे नाही. पंचांच्या गोंधळाचे मूळ बहुतांशी इथेच आहे.

हांगझोऊचा धडा

हा गोंधळ केवळ गावपातळीवरचा नाही. चीनमधील हांगझोऊ येथे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष कबड्डीचा भारत विरुद्ध इराण हा अंतिम सामना झाला. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे त्या भारतीय संघात होते. सामना संपायला जेमतेम एक मिनिट उरले असताना गुणफलक २८-२८ असा बरोबरीत होता. भारताच्या पवन सेहरावतची चढाई ही 'तिसरी चढाई' होती, म्हणजे गुण मिळवणे किंवा बाद होणे एवढाच पर्याय होता. कोणालाही स्पर्श न करता पवन राखीव क्षेत्रात, म्हणजे ज्याला सर्रास लॉबी म्हटले जाते त्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही तिथे उतरले.

आता बाद कोण? जुन्या नियमानुसार स्पर्शाआधी राखीव क्षेत्रात पाय ठेवणारा प्रत्येक जण बाद. तेव्हा पवनही बाद आणि त्याच्यामागे गेलेले इराणचे चौघेही बाद. प्रो कबड्डीत रूढ झालेल्या नव्या नियमानुसार मात्र चढाईपटू राखीव क्षेत्रात जाताच चढाई संपते. बाद होतो तो एकटाच आणि मागून आलेल्या बचावपटूंना त्याची झळ लागत नाही. पहिल्या अर्थाने भारताला चार गुण, इराणला एक. दुसऱ्या अर्थाने इराणला एक, भारताला शून्य. सुवर्णपदक या दोन अर्थांच्या मधोमध अडकले. पंचांचा निर्णय बदलला, पुन्हा बदलला. दोन्ही संघांचे खेळाडू निषेध म्हणून मॅटवर बसून राहिले आणि सामना तासभर थांबला. अखेर जुना नियम ग्राह्य धरण्यात आला व भारताने ३३-२९ असा विजय मिळवला.

त्या दिवशी कोणाचा अर्थ बरोबर होता, यावर कबड्डीच्या वर्तुळात बराच काथ्याकूट झाला. पंचांच्या शिबिरासाठी त्याहून महत्त्वाची बाब अशी, की दोन्ही नियम आपापल्या जागी स्पष्ट होते. या सामन्याला कोणता लागू, एवढेच सर्वांच्या मनात सारखे नव्हते. आंतरराष्ट्रीय दर्जाचे अधिकारी आणि चित्रफितीची सोय असलेल्या ठिकाणी ही अवस्था झाली. शाळेच्या मैदानावर तर पुन्हा पाहायला पडदाही नसतो.

माती, फक्की आणि मॅट

राखीव क्षेत्राचा हा नियम शालेय मैदानावर आणखी एका कारणाने अवघड होतो. मॅटवर राखीव क्षेत्राचा रंग वेगळा असतो. पाय कुठे पडला हे लांबूनही दिसते. मातीच्या मैदानावर ते फक्कीच्या रेषेने आखलेले असते आणि दोन-चार झटापटींनंतर त्या रेषेचे काय होते हे कबड्डी पाहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये अधिक असतो, म्हणजे ऐन स्पर्धांच्या काळात. ओल्या मातीत रेषा पुसली गेली, की पंच अंदाजाने निर्णय देतो आणि अंदाजाने दिलेला निर्णय जुन्या सवयीनेच दिला जातो. त्यामुळे मध्यंतरात रेषा पुन्हा आखून घेणे ही मैदान समितीपुरती बाब न मानता पंचाने स्वतःहून मागणी करण्याची गोष्ट मानली पाहिजे. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे, महिलांचे १२ बाय ८ मीटरचे. वयोगट बदलला की आखणीही बदलते. एकाच मैदानावर सकाळी मुले आणि दुपारी मुली खेळणार असतील, तर जुन्या रेषांचे अवशेष बुजवून टाकणे आवश्यक ठरते.

गुणांचा हिशेब

कबड्डीचे नियम कधीच एका जागी थांबलेले नाहीत. १९२०च्या दशकाच्या आरंभी साताऱ्यात या खेळाची नियमावली बांधण्याचा प्रयत्न झाला. पुढे संजीवनी, गामिनी, अमर अशा वेगवेगळ्या पद्धतींमधून बाद झालेला खेळाडू परत येण्याची संजीवनी पद्धत सर्वमान्य झाली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीगने हा खेळ घराघरांत नेला. त्या लीगने शब्दांचा एक नवा खजिनाही आणला. त्यातले काही शब्द नियमाचे आहेत, काही केवळ आकडेवारीचे, आणि शाळकरी खेळाडूंची गल्लत होते ती याच ठिकाणी.

'अव्वल पकड' हा नियम आहे. बचावाच्या बाजूला तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना चढाईपटूची पकड झाली, तर बचाव करणाऱ्या संघाला एक जादा गुण मिळतो. एका चढाईत तीन वा अधिक गुण मिळवले की समालोचक 'सुपर रेड' म्हणतात. तिला मात्र जादा गुण नाही. 'सुपर टेन' आणि 'हाय फाइव्ह' ही तर वैयक्तिक कामगिरीची मोजदाद आहे. टाळ्या सर्वांना सारख्याच पडतात, म्हणून मुले गुणही सारखेच मागतात. तेव्हा पंचाने न चिडता, पण न डगमगता नकार द्यायचा असतो.

बोनस गुणाचा नियम वाचायला सोपा व मैदानावर फसवा आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच तो लागू होतो. एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे आणि त्याच क्षणी दुसरा पाय हवेत, ही अट पुरी व्हावी लागते. समजा, सहा जणांसमोर चढाईपटूने अशी रेषा ओलांडली आणि लगेच त्याची पकड झाली. बोनसचा एक गुण चढाईच्या संघाला, पकडीचा एक गुण बचावाच्या संघाला. पकडीच्या गुणामुळे बचाव संघाचा बाद असलेला एक खेळाडू परत येतो. बोनसच्या गुणामुळे मात्र कोणीही जिवंत होत नाही. अव्वल पकडीच्या जादा गुणालाही हाच न्याय: गुण दोन, परत येणारा खेळाडू एक. शिबिरात प्रश्न विचारला तर याचे उत्तर बहुतेक सर्व जण बरोबर देतात. मैदानावर मात्र बाहेर बसलेल्यांपैकी दोघे धावत आत येतात आणि गुणलेखक वहीत मान घालून बसलेला असतो.

तिसऱ्या चढाईची मोजणी हे असेच दुखणे. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या, तर त्या संघाच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळालाच पाहिजे. नाही तर चढाईपटू बाद. लीगमध्ये हा आकडा फलकावर झळकतो. शालेय सामन्यात तो गुणलेखक आणि पंच यांच्या आपसातील खुणेवर चालतो. म्हणून नव्या नियमांचे शिबिर पंचांपुरते ठेवून भागत नाही. गुणलेखक आणि रेषापंच यांनाही त्याच वर्गात बसवावे लागते. प्रत्यक्षात गुणलेखनाचे काम ऐन वेळी एखाद्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे सोपवले जाते, आणि वादाचे निम्मे प्रसंग तिथून सुरू होतात.

शिबिर कसे असावे

इतर खेळांत याची रीत बरीच बसलेली आहे. अमेरिकेत शालेय बेसबॉलचे नियम राज्यांच्या शालेय संघटनांचा राष्ट्रीय महासंघ ठरवतो आणि बदल हंगामाच्या पुष्कळ आधी जाहीर होतात. खेळाडूच्या खांद्याला जपण्यासाठी एका दिवसात किती चेंडू फेकता येतील यावर प्रत्येक राज्याने मर्यादा घालावी, असा नियम तिथे २०१७च्या हंगामापासून आला. क्रिकेटमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून झेलबाद झाल्यावर नवा फलंदाजच फटका मारायला येतो. दोघांनी धाव घेताना एकमेकांना ओलांडले होते का, हे पाहण्याचे कारण उरले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेला हा नियम बदलला, तरी तारीख आणि मजकूर सर्वांना आधी ठाऊक असल्याने फारसा गोंधळ झाला नाही.

कबड्डीच्या शिबिरात फळ्यावर नियम वाचून दाखवण्याचा भाग थोडका ठेवून मैदानावरच्या प्रसंगांना अधिक वेळ द्यायला हवा. दोन शालेय संघ बोलवावेत, त्यांना मुद्दाम वादाचे प्रसंग घडवायला सांगावे: स्पर्शाशिवाय राखीव क्षेत्रात उतरणे, दम उशिरा सुरू करणे, तिघे उरले असताना पकड, सहा जणांसमोर बोनस आणि लगोलग पकड. पंचाने शिट्टी वाजवावी, खूण करावी आणि मगच कारण सांगावे. दम उशिरा सुरू झाला तर चढाईपटूला परत पाठवून प्रतिस्पर्ध्याला एक गुण व चढाईची संधी द्यायची असते. हे ठाऊक नसलेला पंच विरळा, पण गोंगाटात दमाकडे कान देणारा पंचही विरळाच. दोन बाजूंना उभे असलेल्या दोन पंचांची मते जुळली नाहीत, तर सरपंचाने काय करायचे याचाही सराव हवा. त्या एका क्षणात प्रेक्षक सर्वांत मोठ्याने ओरडतात.

सोलापुरात या सरावाला आणखी एक पदर आहे. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठांतून शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांपैकी कोणतीही भाषा असू शकते. इंग्रजीतून आलेली नियमांची सुधारणा मराठीत उतरते, तिथून शिक्षकांच्या तोंडी जाते आणि मुलांपर्यंत तिसऱ्याच शब्दांत पोहोचते. 'लॉबीत गेला' आणि 'मैदानाबाहेर गेला' यांतला फरक अशा प्रवासात हरवू शकतो. मैदानावर शेवटी हाताची खूण हीच सर्वांची समान भाषा असते. ती खूण ठरलेल्या पद्धतीने, पूर्ण आणि दोन्ही संघांना दिसेल अशी करण्यावर जुने पंच भर देतात, तो यासाठीच.

शालेय सामन्यातील चुकीचा निर्णय लहान समजण्याचे कारण नाही. स्पर्धेच्या पातळीनुसार विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. पुढे शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि तिथेही प्रमाणपत्रावरील पातळीच पाहिली जाते. विभागीय स्पर्धेत एका गुणाने हरलेल्या संघातील मुलांची राज्य स्पर्धा हुकते, आणि त्या एका गुणाचा निर्णय जुन्या नियमाने झाला होता हे नंतर सिद्ध करूनही ती परत मिळत नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. स्पर्धेच्या पहिल्या सकाळी, नाणेफेकीपूर्वी, सर्व संघांच्या मार्गदर्शकांची आणि पंचांची एक बैठक घ्यावी. नियमावली कोणत्या वर्षीची लागू आहे, राखीव क्षेत्राचा कोणता अर्थ धरला जाईल, आक्षेप कोणी, किती वेळात आणि कोणाकडे नोंदवायचा, हे तिथे वाचून दाखवावे आणि उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. सह्यांचा तो कागद दिवसभर गुणलेखकाच्या टेबलावर असावा.