जुम्मा तलावाकाठची गिरणी

नागपूरच्या जुम्मा तलावाजवळ १ जानेवारी १८७७ रोजी एक कापडगिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले आणि त्यावरून गिरणीला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव मिळाले. मालक होते जमशेटजी टाटा. गिरण्या काढायच्या तर मुंबईत, असा तो काळ. पण जमशेटजींचा हिशेब वेगळा होता. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपूरकडे, कोळसा वरोऱ्याच्या खाणीत सापडतो, रेल्वे १८६७ पासून नागपुरात आलेली आहे. मग कापूस मुंबईला वाहून न्यायचा कशाला? तलावाजवळची जागा पाणथळ होती, तिथे भर घालावी लागली. हा माणूस सोने मातीत घालतो आहे, असे म्हणून एका सावकाराने पैसे द्यायचे नाकारले. पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की त्यांनी माती घातली आणि सोने काढले. ही गोष्ट टाटांच्या बहुतेक चरित्रांत येते.

गिरणीचा कारभार जमशेटजींनी बेजनजी दादाभाई मेहता यांच्या हाती सोपवला. बेजनजी रेल्वेतून आलेले, कापडधंद्यातले त्यांना काही ठाऊक नव्हते. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज जाणकाराने सांभाळली.

खरी अडचण माणसांची होती. मुंबईच्या गिरण्यांना कोकण आणि घाटावरून मजुरांचा अखंड पुरवठा होता. नागपूरकडे हातमाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. कोष्टी स्वतःच्या घरात, स्वतःच्या मागावर, स्वतःच्या वेळेने विणायचा. घड्याळाच्या काट्यावर रोज हजर राहायचे, ही कल्पनाच त्या मुलखाला नवी होती. पेरणी आली, घरात लग्न निघाले, हातात चार पैसे आले, की माणूस दोन-तीन दिवस फिरकायचा नाही. पटावरच्या पाच जणांत एखादा तरी रोज गैरहजर असे. चात्या आणि माग त्याच्यासाठी थांबून राहत.

अशा वेळी दंड करायचा, पगार कापायचा, ही मालकांची रुळलेली रीत होती. एम्प्रेस मिलने दुसरी वाट धरली. कामगाराने टिकावे असे वाटत असेल, तर टिकण्यात त्याचाही फायदा हवा. १८८६ मध्ये गिरणीने पेन्शन फंड काढला. १८९५ मध्ये कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याची सोय झाली आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड आला. कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळांचे दिवस भरत, चांगल्या कामगारांना बक्षिसे मिळत. कारखान्यातली हवा खेळती आणि दमट ठेवण्यासाठी यंत्रे बसवली गेली. दमट हवेने सूत कमी तुटते आणि खेळत्या हवेने माणसालाही श्वास घ्यायला बरे पडते. या एका सुधारणेत नफा कुठे संपतो आणि माणुसकी कुठे सुरू होते, ते वेगळे काढता येत नाही.

स्वतः जमशेटजींनी ते वेगळे काढण्याचा प्रयत्नही केला नाही. १८९५ मध्ये गिरणीच्या विस्ताराच्या प्रसंगी बोलताना, आपण इतरांपेक्षा अधिक निःस्वार्थी किंवा दानशूर आहोत असा आपला दावा नाही, असे त्यांनी सांगितले. भागधारकांचे हित आपलेच मानायचे आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा भरभराटीचा पक्का पाया समजायचा, ही सरळ धंद्याची तत्त्वे आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. उद्योगाने आधी नफा पाहावा की समाज, हा वाद आज ज्या तावातावाने घातला जातो, त्यात हे भाषण वाचायला हवे. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच खतावणीत मांडल्या होत्या.

पण नुसत्या मालकाच्या बाजूने हा इतिहास सांगणे अन्यायाचे होईल. एम्प्रेसच्या पेन्शन फंडाच्या दोन वर्षे आधी, १८८४ मध्ये, मुंबईत ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले होते. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पंधरा तारखेच्या आत पगार, या त्यातल्या मागण्या. आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झालेल्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. अपघाताच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. मधल्या एकोणचाळीस वर्षांत देशभरच्या गिरण्यांत, खाणींत आणि गोद्यांत ज्यांची बोटे, हात, पाय गेले, त्यांनी काय केले असेल?

एम्प्रेस मिलही सर्वस्वी निराळे जग नव्हते. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांचे मूल कामाला चालत होते. प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. पुढे १९३० च्या दशकात नागपुरातही कापड कामगारांचे संप झाले, रुईकरांसारखे कामगार पुढारी त्यात पुढे होते. पेन्शन देणाऱ्या गिरणीच्या शहरालाही पगारासाठी लढणे चुकले नाही.

मात्र मालकाने काढलेल्या फंडाचे मोल कमी होत नाही. हे परवडते, याने गिरणी बुडत नाही, उलट चालते, याचा पुरावा एम्प्रेसने धंद्याच्या भाषेत दिला. टाटांच्याच जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला. देशात १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला अठ्ठेचाळीस, म्हणजे सहा दिवसांना सरासरी आठ तासांची मर्यादा होती. प्रॉव्हिडंट फंड १९५२ मध्ये कायद्यात बसला. तेव्हापासून तो मागायला कुणाच्या चांगुलपणाची गरज उरली नाही.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे, जुम्मा तलावाला गांधीसागर म्हणतात.

गिरणी गेली, पण उद्योगाने समाजाला काय द्यावे हा प्रश्न उरला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करायला लावले. शाळा, दवाखाने, पाणलोटाची कामे त्यातून उभी राहतात, आणि ती हवीच आहेत. पण फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. १८८६ चा तो पेन्शन फंड आज सीएसआरच्या अहवालात बसला नसता. कायमच्या नोकरीतल्या माणसापुरता हा नियम योग्यच, कारण त्याचा फंड त्याला आता कायद्याने मिळतो. परंतु मोटारसायकलवर घरपोच जेवण पोहोचवणारा तरुण कुठल्याच पटावर नसतो. त्याचे नाव देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आले ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. रस्त्यावर त्याचा पाय मोडला, तर त्याची मागणी तीच असते जी लोखंडे यांच्या अर्जात होती: बरा होईपर्यंत घर चालावे.