बेनेडेकचे मौन

१ जुलै १८६६. बोहेमियात प्रशियाविरुद्ध उभ्या असलेल्या ऑस्ट्रियन सेनेचा सेनापती लुडविग फॉन बेनेडेक सम्राट फ्रान्झ जोसेफ यांना तार करतो : कोणत्याही किमतीवर तह करावा, सेनेचा विनाश अटळ आहे. निर्णायक लढाई तर अद्याप व्हायची होती!

याला भित्रेपणा म्हणावे, तर हा राडेट्स्कीच्या इटलीतील सेनेचा एकेकाळचा स्टाफप्रमुख. १८५९ मध्ये सोल्फेरिनोला ऑस्ट्रियाचा पराभव झाला, त्या दिवशीही सान मार्टिनोच्या टेकड्यांवर त्याचे सैन्य शर्थीने झुंजले होते. परंतु बोहेमियाचा भूप्रदेश त्याला अपरिचित होता. तेथील सेनापतिपद त्याने अनिच्छेनेच स्वीकारले. त्याच्या परिचयाची इटलीची आघाडी मिळाली राजघराण्यातील आर्चड्यूक आल्ब्रेख्तला.

३ जुलैला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या बाजूचे सुमारे ४४,००० सैनिक मृत, जखमी वा बंदी झाले. चौकशी सुरू झाली आणि सम्राटांच्या आज्ञेने थांबलीही. आल्ब्रेख्तने बेनेडेककडून मौनाचे लेखी वचन घेतले. त्यानंतर डिसेंबरमध्ये सरकारी वृत्तपत्राने सारा दोष त्याच्याच माथी मारला. (माझ्या मते, पराभवाहून हे अधिक लाजिरवाणे.)

वचन त्याने अखेरपर्यंत पाळले. १८८१ मध्ये ग्राट्झ येथे त्याचे निधन झाले. आपल्याला लष्करी गणवेशात पुरू नये, असे त्याने सांगून ठेवले होते.