प्रस्तावना: एका फ्रिगेटीचा माग

शिडांच्या युद्धनौकांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी सांगतो: एकच जहाज निवडा आणि त्याचा पिच्छा पुरवा. माझी निवड ‘सिबिल’.

ही फ्रिगेट १७९१ साली तुलोंला फ्रेंच आरमारासाठी बांधली गेली. १७९४ च्या जूनमध्ये मिकोनोस बेटापाशी इंग्रजांच्या ‘रॉम्नी’ने ती पकडली आणि त्याच नावाने ती मायदेशाविरुद्ध लढू लागली. फ्रिगेटीवर तोफांचा एकच पूर्ण मजला असे. मोठ्या लढाऊ जहाजांच्या रांगेत तिला जागा नव्हती. टेहळणी, ताफ्यांची राखण आणि व्यापारी जहाजांची शिकार ही तिची कामे.

१७९९ च्या फेब्रुवारीअखेर ‘फोर्त’ ही फ्रेंच फ्रिगेट बालासोरच्या समुद्रात लूट करत होती. तिच्या मुख्य तोफा २४ पौंडी, ‘सिबिल’च्या १८ पौंडी. तरीही कॅप्टन एडवर्ड कुक रात्रीच्या अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत थांबला आणि मगच त्याने मारा सुरू केला. ‘फोर्त’चे बरेच खलाशी पकडलेल्या जहाजांवर पाठवलेले होते. तिचे गोळे उंचावरून शिडादोरांत गेले, ‘सिबिल’चे तिच्या अंगात घुसले. अडीचेक तासांत ‘फोर्त’च्या सगळ्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान ठार झाला. तिच्यावर साठाहून अधिक माणसे मेली, ‘सिबिल’वर जागीच पाच. नेमबाजीची उंची आणि हजर माणसांची संख्या हिशेबात घेतल्याशिवाय हे आकडे उलगडत नाहीत. म्हणूनच लढाईच्या चित्रांआधी मी खलाशांची हजेरीपत्रके वाचायला देतो. जखमी कुक मे महिन्यात कलकत्त्याला वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने उभारले. कुणाचा माल वाचला होता ते त्यावरून कळते.

मराठी वाचक इथे रिकाम्या हाताने येत नाही. नाळ, शीड, डोलकाठी, सुकाणू, तांडेल हे शब्द आपल्या किनाऱ्यावर अजून वापरात आहेत. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते ज्याला ठाऊक आहेत, त्याला कमी खोल पाण्याचे आणि वाऱ्याच्या बाजूचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र नोंदवह्या वाचताना एक जपा. तेव्हाच्या इंग्रज जहाजांवर दिवस मध्यान्हीला सुरू होई, जमिनीवरच्या तारखेपेक्षा बारा तास आधी. त्या हिशेबाने २८ फेब्रुवारीच्या रात्री दूरवर दिसलेले तोफांचे चमकारे आणि मध्यरात्रीनंतरची झुंज, दोन्ही १ मार्चच्याच पानावर शोधावी लागतात.