मद्रासचे घड्याळ आणि सिल्व्हिया नावाचा लघुग्रह



गेल्या वर्षी उत्सवात मुलांची प्रश्नमंजूषा झाली, ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे होते. शेवटच्या फेरीत मी विचारले, "भारतातून पहिला लघुग्रह कोणत्या साली शोधला गेला?" माझ्या कागदावर १९८८ लिहिलेले होते. आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "१८६१. मद्रासहून." मी घंटी वाजवली आणि उत्तर चूक ठरवले. ती म्हणाली, "काका, मी वाचलंय." मी माइकवरूनच म्हणालो, "अगं बाळा, तेव्हा आपल्याकडे कुठल्या दुर्बिणी!" सगळे हसले. तिचा संघ एका गुणाने हरला.

रात्री घरी गेल्यावर पडताळून पाहिले. मुलीचे उत्तर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर माइक हातात असूनही मी ते सांगितले नाही. संकोच वाटला, दुसरे काय! वर्षभर ते मनाला लागून राहिले. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवले, की हाच विषय घ्यायचा.

मी स्थापत्यशास्त्रातला डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलो, रुळांच्या देखभालीत वीसएक वर्षे गेली. खगोलशास्त्राचा अभ्यासक नव्हे. पण वाचता वाचता लक्षात आले, की हा इतिहास आपल्या रेल्वेच्या फार जवळून जातो.

ईस्ट इंडिया कंपनीची मद्रासची वेधशाळा १७९२ साली नुंगमबाक्कम भागात उभी राहिली. समुद्रावरच्या जहाजांना आणि जमिनीच्या मोजणीला अचूक रेखांश हवा होता, हे तिचे मुख्य कारण. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली, तेव्हा रेखांशाचा आधार याच वेधशाळेचा होता. मोजणी करत करत उत्तरेकडे सरकलेले हे लॅम्बटन १८२३ साली वारले ते आपल्या विदर्भात, हिंगणघाटला. त्यांची कबरही तिथेच आहे. नागपूर-बल्लारशा मार्गावरून आपण कितीदा जातो, पण गाडीतून उतरून ती कोण पाहतो?

१८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेने एकच वेळ धरली, ती मद्रासची. कारण उघड आहे. प्रत्येक गावाची वेळ सूर्याप्रमाणे वेगळी. मुंबईचे घड्याळ मद्रासच्या अर्धा तास मागे, आणि आपल्या रायपूरची सूर्यवेळ मद्रासच्या साडेपाच मिनिटे पुढे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनमास्तरांची घड्याळे अशी वेगळी चालली तर काय होईल, हे आपल्या मंडळातल्या रेल्वेवाल्यांना सांगायला नको. वेधशाळेत तारे पाहून घड्याळ लावायचे आणि तारायंत्राने ती वेळ सगळीकडे कळवायची, अशी व्यवस्था होती. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ आली. मद्रासची वेळ तिच्या नऊ मिनिटे मागे होती. ही रेषा आपल्या छत्तीसगडमधूनच जाते, हे मुलांनी लक्षात ठेवावे. पुढच्या प्रश्नमंजूषेत विचारणार आहे!

या वेधशाळेचे प्रमुख म्हणून १८६१ साली नॉर्मन पॉगसन आले. ताऱ्यांच्या तेजस्वितेची जी मोजपट्टी आज जगभर वापरतात, ती त्यांनी १८५६ साली सुचवलेली. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभरपट फरक. मद्रासला आले त्याच वर्षी, १७ एप्रिल रोजी, त्यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून शोधलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव 'आशिया' ठेवले. त्याचा क्रमांक ६७. त्या मुलीचे उत्तर ते हेच. पुढे १८६४ साली 'सॅफो', १८६६ साली 'सिल्व्हिया', १८६८ साली 'कॅमिला' आणि १८८५ साली 'व्हेरा', असे एकूण पाच लघुग्रह पॉगसन यांनी मद्रासहून शोधले. मी सांगितलेले १९८८ साल कावलूरच्या वेधशाळेतल्या 'रामानुजन' या लघुग्रहाचे होते. तोही आपल्या अभिमानाचाच, पण पहिला नव्हे.

हे शोध लागत कसे? तेव्हा लघुग्रहांसाठी छायाचित्रण वापरात आले नव्हते. आकाशाच्या एका तुकड्यातले सारे बारीक तारे नकाशावर उतरवायचे आणि रात्रीमागून रात्री तोच तुकडा ताडून पाहायचा. हजारो ठिपक्यांत एखादा जागेवरून सरकलेला दिसला, तर तो तारा नव्हे. आमचा कीमन रोज तेच चार-पाच किलोमीटर चालतो आणि हजारो चाव्यांतली एक सैल झालेली बरोबर ओळखतो, तशीच ही नजर. सिल्व्हिया तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत फिक्या ताऱ्याहून शंभरपटीपेक्षा अधिक मंद. ती सापडली १६ मे रोजी. मद्रासच्या मे महिन्यातल्या रात्री दुर्बिणीपाशी बसणे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सिल्व्हिया आहे तरी कशी? मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये जो लघुग्रहांचा पट्टा आहे, त्याच्या अगदी बाहेरच्या काठाला ती फिरते. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या जवळजवळ साडेतीन पट दूर. एका फेरीला साडेसहा वर्षे लागतात. सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे इथून रेल्वेने निघालो तर भंडारा रोड मागे पडून नागपूर यायच्या आतले अंतर. आणि रंग काळा. पडलेल्या प्रकाशापैकी शंभरात चार-पाच भागच ती परत पाठवते. कोरब्याच्या कोळशाच्या वाघिणी रोज पाहणाऱ्यांना हा काळेपणा समजावून सांगायला नको. मात्र हा कोळसा नव्हे. सूर्यमाला घडताना उरलेला, कार्बनची संयुगे असलेला तो जुना माल आहे. पट्ट्याच्या बाहेरच्या भागात असेच काळे गोटे अधिक आहेत. अशाच जातीच्या, पण पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या र्‍युगू आणि बेन्नू या छोट्या लघुग्रहांवरची माती यानांनी २०२० आणि २०२३ साली पृथ्वीवर आणली, तेव्हा तिच्यात अमिनो आम्ले सापडली. सजीवांच्या शरीरातली प्रथिने याच आम्लांची बनतात.

पॉगसन यांनी सिल्व्हिया हे नाव रोमन पुराणातल्या रिया सिल्व्हियावरून ठेवले. रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांची ही आई. गंमत पाहा, २००१ साली सिल्व्हियाभोवती एक चंद्र सापडला आणि २००५ साली दुसरा जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिलाच लघुग्रह! नावे शोधावी लागलीच नाहीत, १३९ वर्षांपूर्वीच तयार होती. जवळचा रेमस सुमारे ७०० किलोमीटरवर, म्हणजे इथून भुसावळइतका, आणि लांबचा रोम्युलस सुमारे १३५० किलोमीटरवर. पुढे कॅमिलाचेही दोन चंद्र सापडले.

चंद्र सापडले आणि वजनकाटाच हाती आला. चंद्र किती अंतरावरून किती वेळात फेरी मारतो हे कळले, की मधल्या गोट्याचे वस्तुमान काढता येते. तसे काढल्यावर सिल्व्हियाची घनता पाण्याच्या जेमतेम १.४ पट भरली. भरीव दगड याच्या जवळपास दुप्पट जड असतो. रुळाखाली टाकलेल्या गिट्टीच्या ढिगात दगडांमध्ये पोकळ्या असतात, म्हणून ढीग हलका भरतो. सिल्व्हियातही अशा पोकळ्या आणि बर्फ असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

या सगळ्यात आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. पॉगसन यांचे पहिले सहायक चिंतामणी रघुनाथाचारी. पाच हजारांवर ताऱ्यांची जी मद्रास यादी तयार झाली, तिच्या वेधांचा मोठा भार या सहायक मंडळींनी वाहिला. रघुनाथाचारींनी १८६७ साली एक रूपविकारी तारा शोधला, १८७२ साली ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले, १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर त्यांनी लोकांसाठी पुस्तिका लिहिली. प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग हवे, म्हणून ते झटले. त्याच काळात आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे हेच काम करत होते, त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. आपण भाद्रपद शुद्ध चतुर्थी ज्या पंचांगात पाहतो, त्यामागे अशा लोकांचे श्रम आहेत. १८८० साली रघुनाथाचारी वारले. नकाशावर साहेबाचे नाव राहते, साखळी धरणाऱ्याचे राहत नाही, हे आम्ही डिप्लोमावाले चांगले जाणतो. आणि तरीही, आपल्याच मंडपात एका मुलीने ते वेधशाळेचे नाव घेतले तेव्हा मीच म्हणालो, की तेव्हा आपल्याकडे कुठल्या दुर्बिणी!

मद्रासची वेधशाळा १८९९ साली कोडाईकनालला हलली. तिच्या दुर्बिणीचा दगडी खांब चेन्नईच्या हवामान केंद्राच्या आवारात अजून उभा आहे.

कार्यकारिणीला विनंती करून गेल्या वर्षीच्या निकालात दुरुस्ती करून घेतली आहे. तो गुण त्या संघाचा आहे, आणि या वर्षीच्या बक्षीस समारंभात त्यांना करंडक दिला जाईल. त्या मुलीला मी माइकवरून चूक ठरवले होते. त्याच माइकवरून तिची क्षमाही मागणार आहे. आपण सर्वांनी अवश्य यावे.

गणपती बाप्पा मोरया!