पट्ट्यावरचं नाव

गेल्या वर्षी नातवाने कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. नाव ठेवलं मोती. (नव्या पिढीतल्या मुलाने इतकं जुनं नाव ठेवावं याचं मला कौतुकच वाटलं!) मोतीसाठी एका झकपक दुकानातून चामड्याचा पट्टा आणला. तीन महिन्यांत त्याचे पापुद्रे निघू लागले आणि आत पुठ्ठ्यासारखं काहीतरी दिसायला लागलं.

शेवटी तो घेऊन मी आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चांभारकाकांकडे गेले. त्यांनी तो नुसता वाकवून पाहिला आणि हसले. "बाई, हा चामड्याचा भुगा आहे. डिंकात कालवून वर रंग फासलाय."

मग त्यांनी मला धडाच दिला. चौतीस वर्षं इतरांना धडे देणाऱ्या मला! पट्टा घेताना आधी कापलेली कड बघायची. अस्सल चामडं कडेला एकजीव, तंतूतंतूंचं दिसतं. वाकवलं की सुरकुतते, पण तडकत नाही. बकल आणि कडी भरीव पितळेची असावी, नुसता मुलामा दिलेली गंजते. शिलाई हाताची असेल तर एक टाका तुटला तरी बाकीची उसवत नाही, कारण दोन्ही बाजूंनी दोन सुया एकाच भोकातून जातात. आणि गळ्यात घातल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

चार दिवसांनी त्यांनी पट्टा आणि हातात धरायची लांब वादी तयार करून दिली. नातवाच्या हट्टामुळे पट्ट्यावर पितळेची पट्टी बसवून तीवर 'मोती' असं कोरूनही आणलं. ती अक्षरं पाहिली आणि मला एकदम इजिप्त आठवला. इतिहासाची शिक्षिका, दुसरं काय!

इजिप्तमध्ये राजांची दरी म्हणून जी जागा आहे, तिथे १८९९ साली व्हिक्टर लोरे या फ्रेंच संशोधकाला मैहेरप्री नावाच्या तरुण दरबारी माणसाची कबर सापडली. राजाच्या उजव्या हाताला पंखा धरणारा, असा त्याचा किताब होता. कबरीत त्याच्या चीजवस्तूंबरोबर कुत्र्यांचे दोन चामडी पट्टे होते. एकावर घोड्यांची नक्षी, दुसऱ्यावर शिकारीचं दृश्य आणि कुत्रीचं नाव, तांतानुईत. सुमारे ३४०० वर्षं ते चामडं टिकलं आणि त्याबरोबर एका कुत्रीचं नावही टिकलं!

रोमन लेखक व्हॅरो याने इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांच्या पट्ट्याचं वर्णन आहे. जाड चामड्याचा पट्टा, त्यावर लांडग्यापासून रक्षण करणारे खिळे, आणि त्या खिळ्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला टोचू नयेत म्हणून आतून मऊ चामड्याचं अस्तर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला मुक्या जनावराच्या मानेची काळजी होती, हे वाचून बरं वाटतं.

पण याच पट्ट्याची दुसरी बाजूही आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पाँपेई शहर राखेखाली गाडलं गेलं. १८७४ साली तिथल्या एका घरात राखेतल्या पोकळीत प्लॅस्टर ओतलं, तेव्हा तडफडत पाठीवर पडलेल्या कुत्र्याचा आकार मिळाला. गळ्यात पट्टा होता. माणसं पळाली असतील, त्याला मात्र बांधूनच ठेवलेलं होतं. पट्टा म्हणजे माया की मालकी, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

पण मला अडवलं ते वेगळ्याच प्रश्नाने. तांतानुईतचं नाव राहिलं, मैहेरप्रीचं राहिलं. ते चामडं ज्याने कमावलं, त्याचं नाव कुठे आहे?

इजिप्तमध्ये चामडं कमावायला बाभळीच्या शेंगा वापरत. आपल्याकडे त्याच बाभळीची साल आणि हिरडा. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग सालीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याचं पेटंट घेतलं, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. तरी पट्ट्यासारख्या वस्तूला सालीत मुरलेलं घट्ट चामडंच चांगलं, असं काका म्हणतात.

हे सालीचं पाणी मी लहानपणी पाहिलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ओढ्याच्या पलीकडे ढोर समाजाची चार घरं होती. कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात सालीचं लालसर पाणी भरून टांगलेलं असे. खालून थेंब थेंब गळत राहायचं. आम्ही नाक दाबून पळत जायचो.

त्यातल्या एका घरचा मुलगा माझ्या वर्गात होता. अस्पृश्यता घटनेने १९५० साली रद्द केली होती, १९५५ साली कायदाही झाला होता, पण तो दाराजवळच बसे. हजेरीत त्याचं नाव होतं, मात्र एरवी गुरुजी आणि आम्ही पोरं त्याला जातीनेच हाक मारायचो. मीसुद्धा. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. आज मी आठवून आठवून थकले, पण त्याचं नाव आठवत नाही. ३४०० वर्षांपूर्वीच्या कुत्रीचं नाव मला पाठ आहे!

हा विचार आला आणि मी पुन्हा काकांकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांचंही नाव मी विचारलं नव्हतं. ते विचारलं, त्यांनी सांगितलं. (त्यांच्या परवानगीशिवाय इथे लिहीत नाही.) मग मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "पट्ट्याच्या आतल्या बाजूला तुमचं नाव कोरून द्या ना."

काकांनी रापी खाली ठेवली. म्हणाले, "कुत्र्याच्या गळ्यात माझं नाव कशाला, बाई?"

मी गप्प बसले. माझ्या भलेपणात काय चुकलं होतं ते त्यांना एका क्षणात कळलं, मला घरी येईपर्यंत कळलं नाही. असो.

त्यांनी सांगितलेली निगा मात्र मी नेमाने करते. पट्टा भिजला तर सावलीतच वाळवायचा, उन्हात किंवा शेगडीजवळ कधी नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसायची, आणि पूर्ण कोरडा झाला की दोन थेंब एरंडेल बोटाने चोळायचं. जास्त तेलाने चामडं लिबलिबीत होतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, बुरशी येते.

मोती मोठा झाला तसं पट्ट्याचं एकेक भोक पुढे सरकलं. तेल चोळताना हल्ली मी एक करते. ओढ्यापलीकडची ती चार घरं एकेक करून डोळ्यांपुढे आणते. कदाचित एखाद्या दिवशी नाव आठवेल.