पटावरील मोजदाद



आंब्याच्या हंगामांत रत्नागिरीच्या पेट्या मोटारीवर चढूं लागल्या, कीं "पेट्या किती?" एवढ्या प्रश्नानें फळांची संख्या कळत नाहीं. पेटी चार डझनांची असते, तशी आठ डझनांचीहि असते. बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांच्या इतिहासांत असाच घोळ पुष्कळ वर्षें चालला. आपलें यंत्र सेकंदास किती स्थिति तपासतें, हें अभिमानानें सांगावें सर्वांनीं. पण 'तपासलेली स्थिति' म्हणजे काय, हें ठरवावें ज्याचें त्यानें!

आरंभीं प्रश्न सोपा होता. 1957 सालीं ॲलेक्स बर्नस्टीन व त्यांचे सहकारी यांनीं आयबीएम 704 यंत्रास हा खेळ शिकविला. दर वेळीं निवडक सातच खेळ्या घ्यावयाच्या आणि दोन्ही बाजूंच्या मिळून चार खेळ्या पुढें पाहावयाचें, असा नेम होता. सातांचा चौथा घात 2,401, मोजदाद संपली. एका खेळीस यंत्र सुमारें 8 मिनिटें घेई.

पुढें निरुपयोगी फांद्या छाटण्याची 'आल्फा-बीटा' युक्ति रूढ झाली. नूथ व मूर यांनीं 1975 सालीं तिचा हिशेब मांडला. दर वेळीं 30 खेळ्या शक्य असल्या, तर चार खेळ्यांनंतर 8,10,000 टोकें होतात. उत्तम खेळी नेहमीं प्रथम पाहिली, तर त्यांतलीं 1,799 पाहून तेंच उत्तर मिळतें. म्हणजे कमी मोजणारें यंत्रच अधिक शहाणें! शिवाय कोणी खेळी सुचतांच ती मोजी, कोणी ती पटावर खेळल्यावर. शेवटची मारामारी निवळेपर्यंत पाहिलेल्या स्थिति कोणी धरी, कोणी सोडी.

निर्विवाद आंकडा मिळतो तो छाटणी मुळींच न केल्यास. पहिल्या खेळीचे मार्ग 20 : सोळा प्याद्यांचे, चार घोड्यांचे. उत्तरासह 400, मग 8,902, 1,97,281 आणि 48,65,609. यांत एकाचाहि फरक पडला, तर यंत्रास नियम नीट शिकविलेले नाहींत, असें समजावें. मात्र चौथ्या खेळीपर्यंत जमलें म्हणून निश्चिंत राहूं नये. दोन घरें चाललेलें प्यादें वाटेंत मारण्याचा प्रसंग प्रथम पांचव्या खेळींत येतो, तोहि 258 वेळां. किल्लेकोट तर सातव्या खेळीपूर्वीं शक्यच नाहीं. अर्थात् नियम कोणते, हें आधीं ठरलें पाहिजे. आपल्या जुन्या देशी खेळांत प्यादें प्रथमहि एकच घर चाले. त्यामुळें पहिल्या खेळीचे मार्ग बारा, आणि राजाची एकदांची घोडेउडी धरली तर चौदा.

वेगाच्या आंकड्यास मात्र अशी कसोटी नाहीं. 1997 च्या मे महिन्यांत 'डीप ब्लू'नें कास्पारोव्ह यांना हरविलें, तेव्हां सेकंदास 20 कोटि स्थिति हा आंकडा सर्वतोमुखीं झाला. त्याच्या कर्त्यांनीं 2002 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सरासरी 12 कोटि 60 लक्षांची आहे, आणि कमाल 33 कोटींची.